सुरुंगशोधकाची काठी

पुण्याच्या पश्चिमेस असलेले कोथरूड हे एके काळी शेतामळ्यांचे लहानसे खेडे होते. आज तो शहराचा गजबजलेला भाग झाला आहे. तेथील वनाज स्थानकापासून गरवारे महाविद्यालयापर्यंत ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो रेल्वे सुरू झाली. अशा स्थानकांत शिरताना प्रवाशांना एका रिकाम्या चौकटीतून जावे लागते. चौकटीला दार नसते, कुलूप नसते. पण खिशात किल्ल्यांचा जुडगा असला की ती तत्काळ ओरडते. मग पहारेकरी हातातील लहानशी दांडी प्रवाशाच्या अंगाजवळून फिरवतो आणि धातू कोठे आहे ते नेमके ओळखतो. ही चौकट आणि ही दांडी म्हणजे धातुशोधक यंत्राचीच दोन रूपे होत.

या यंत्राचे तिसरे रूप मात्र शहरात सहसा दृष्टीस पडत नाही. ते म्हणजे लांब काठीच्या टोकाला बसवलेली वाटोळी चकती. सैनिक ही चकती जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवीत पावलापावलाने पुढे सरकतो आणि शत्रूने पुरून ठेवलेले सुरुंग हुडकून काढतो. स्थानकातील चौकट चुकली तर फार तर प्रवाशाचा खोळंबा होतो. सैनिकाची काठी चुकली तर त्याचे पाऊल मृत्यूवर पडते. म्हणून ही काठी हलकी कशी करावी आणि पावसापाण्यात ती कोरडी कशी राखावी, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

कोथरूडापासून थोड्याच अंतरावर खडकी हे लष्करी ठाणे आहे. भारतीय सेनेतील ‘बॉम्बे सॅपर्स’ या प्रसिद्ध अभियंता पथकाचे ते मुख्य केंद्र. पूल बांधणे, रस्ते तयार करणे आणि सुरुंग काढून सैन्याला वाट मोकळी करून देणे, ही या पथकाची कामे. दुसऱ्या महायुद्धात या पथकातील एक तरुण अधिकारी, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, आफ्रिकेतील अॅबिसीनियाच्या मोहिमेवर होते. १९४१ सालच्या जानेवारीच्या अखेरीस शत्रू माघार घेऊ लागला आणि जाता जाता त्याने वाटेत सुरुंग पेरून ठेवले. भगत यांनी चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, सैन्याच्या सर्वांत पुढच्या गाडीत बसून पंचावन्न मैलांचा रस्ता तपासला आणि पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी करविली. दोन वेळा त्यांची गाडी स्फोटाने उडाली, कानाचा एक पडदा फाटला. तरीही “आता या कामाचा मला अधिक सराव झाला आहे,” अशा अर्थाचे कारण देऊन त्यांनी विश्रांती नाकारली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. पुढे जगभर गाजलेले सुरुंगशोधक यंत्र त्या वेळी जन्मासही आले नव्हते.

हे यंत्र काम कसे करते, ते प्रथम पाहू. १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलू लागले म्हणजे त्या वेटोळ्यात वीज वाहू लागते. धातुशोधकाच्या चकतीत तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. त्यांपैकी एका वेटोळ्यात सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे त्याच्या भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते जमिनीतही काही अंतरापर्यंत शिरते. तेथे एखादे नाणे किंवा सुरुंगाचा पत्रा असला तर त्या धातूत लहान लहान प्रवाह निर्माण होतात. नदीच्या पात्रात भोवरे फिरावेत तसे हे प्रवाह धातूत गोल फिरतात. या भोवऱ्यांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. ते वर येऊन चकतीतील दुसऱ्या वेटोळ्यावर परिणाम करते आणि ऐकणाऱ्याच्या कानात आवाज घुमतो. थोडक्यात म्हणजे यंत्र जमिनीला हाक मारते आणि धातू तिला ओ देतो.

येथे एक अडचण उभी राहते. पहिल्या वेटोळ्याची हाक शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्याला थेट ऐकू गेली, तर जमिनीतून येणारी क्षीण ‘ओ’ तिच्या गोंगाटात बुडून जाईल. म्हणून ही दोन वेटोळी अशा कौशल्याने एकमेकांवर बसवतात की, एरव्ही दुसऱ्यावर पहिल्याचा परिणाम जवळजवळ शून्य व्हावा. सराफाच्या तराजूची दोन्ही पारडी समतोल असावीत, तसा हा तोल असतो. त्यात केसभरही फरक पडला तरी यंत्र उगाच ओरडू लागते. पुढे येणाऱ्या सर्व सुधारणांत हा नाजूक तोल सांभाळावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

या तत्त्वाचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि ती त्यांच्या शरीरात अडकून राहिली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी वेटोळ्यांचे एक यंत्र घेऊन गोळीची जागा शोधण्याचा प्रयत्न केला. पण त्यांना यश आले नाही. राष्ट्राध्यक्ष ज्या बिछान्यावर निजले होते त्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि यंत्राची दिशाभूल होण्याचे ते एक कारण मानले जाते. यंत्राला शत्रूचा धातू आणि आपला धातू यांतील भेद कळत नाही, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

साठ वर्षांनंतर, १९४१–४२ च्या हिवाळ्यात, स्कॉटलंडमध्ये आश्रयास आलेल्या पोलंडच्या सैन्यातील युझेफ कोसात्स्की या अभियंत्याने माणसाला हातात धरून वापरता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. त्याने या शोधाचे एकस्व घेतले नाही. तो ब्रिटिश सैन्याला विनामूल्य देऊन टाकला. १९४२ च्या ऑक्टोबरात एल् अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरण्यात आली. पूर्वी संगिनीच्या टोकाने वाळू टोचीत सैनिक तासाला सुमारे १०० मीटर वाट मोकळी करीत. या यंत्रामुळे तो वेग दुप्पट झाला. मात्र या यंत्राचे वजन सुमारे १४ किलोग्रॅम होते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर दोन-तीन दप्तरे लादावीत, इतके ते ओझे होते!

वजनाची एवढी चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. सैनिक तर बलवान असतात. थोडे ओझे वाहिले तर काय बिघडले? परंतु येथे प्रश्न बळाचा नसून अचूकपणाचा आहे. चकती जमिनीपासून चार बोटांवर ठेवून तासन् तास फिरवावी लागते. हात दुखू लागला की माणसाच्या नकळत चकती वर उचलली जाते, विशेषतः दोन्ही बाजूंच्या टोकांना. धातूकडून येणारी खूण तर अंतराबरोबर विलक्षण वेगाने क्षीण होते. चकतीच्या मानाने लहान व दूर असलेल्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले तर तिची खूण निम्मी राहत नाही. ती सुमारे चौसष्टावा हिस्सा एवढीच उरते. म्हणजे थकलेल्या हाताने चकती थोडीशी जरी वर नेली तरी खोलवरचा सुरुंग यंत्राच्या कानाआड जातो. यंत्र हलके करणे म्हणजे सैनिकाचा हात शेवटपर्यंत स्थिर राखणे होय.

वजन कमी करण्याचा पहिला मोठा मार्ग विज्ञानानेच मोकळा केला. जुन्या यंत्रांत काचेच्या निर्वात नलिका असत. त्यांतील तंतू तापवण्यासाठी एक घटमाला लागे आणि नलिका चालवण्यासाठी अधिक दाबाची दुसरी. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. ही प्रयोगशाळा त्याच ग्रॅहम बेल यांच्या नावाची! हरभऱ्याएवढा ट्रान्झिस्टर नलिकेचे काम करू लागला, आणि तंतू तापवण्याची गरजच उरली नाही. वीज कमी लागली म्हणून घट लहान झाले, आणि घट लहान झाले म्हणून पेटी लहान झाली. आजची पुष्कळशी यंत्रे दोन-तीन किलोग्रॅमच्या आसपास भरतात.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. त्यासाठी नवा शोध लागत नाही, केवळ तरफेचा नियम ठाऊक असावा लागतो. समजा, एका यंत्राची पेटी २ किलोग्रॅम वजनाची असून ती मुठीच्या पुढे ४० सेंटिमीटर अंतरावर काठीला बसवलेली आहे, आणि अर्ध्या किलोग्रॅमची चकती मुठीच्या पुढे १०० सेंटिमीटरवर आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार केला तर पेटीचे ८० आणि चकतीचे ५०, असे एकूण १३० येतात. एवढ्या जोराने काठी मनगटाला खाली ओढते. आता तीच पेटी काढून मुठीच्या मागे, कोपराखाली, २५ सेंटिमीटर अंतरावर बसवली. पेटीचे मागचे ५० आणि चकतीचे पुढचे ५० एकमेकांना तोलून धरतात. यंत्राचे वजन एका मुंजीइतकेही कमी झालेले नाही. पण मनगटावरची ओढ नाहीशी झाली. पाणक्याच्या कावडीचे दोन्ही घडे सारखे असले म्हणजे ती खांद्यावर अल्लद बसते, त्यातलाच हा प्रकार. याहून पुढे जाऊन काही यंत्रांत पेटीच काठीवरून काढून कमरेच्या पट्ट्यात अडकवतात. मग हातात केवळ काठी आणि चकती उरते.

तिसरा मार्ग म्हणजे योग्य पदार्थांची निवड. काठी हलकी हवी म्हणून ॲल्युमिनियमची पोकळ नळी घ्यावी, असे सहज मनात येते. वरच्या भागापुरते ते योग्यही आहे. परंतु ॲल्युमिनियम हा धातूच; चकतीजवळ तो आला तर यंत्र आपल्याच काठीला शत्रू समजेल. गारफिल्ड यांच्या बिछान्याची गोष्ट येथे आठवावी. म्हणून काठीचा खालचा भाग लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा काचतंतूंचा करतात, आणि चकती काठीला जोडणारा स्क्रूदेखील नायलॉनचा असतो. चकती भरीव न ठेवता बैलगाडीच्या चाकाप्रमाणे आरे ठेवून मधला भाग मोकळा सोडला तर तिचे वजन आणखी घटते आणि पाण्यातून फिरवताना अडथळाही कमी होतो.

एवढे झाले म्हणजे यंत्र हलके झाले. पण ते अद्याप कोरड्या ऋतूपुरतेच उपयोगी आहे. सैनिकाला मोहिमेची वेळ हवामान पाहून ठरवता येत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो तेव्हा कोथरूडच्या टेकडीवरून लोंढे खाली धावतात, वाटांचे ओहोळ होतात. अशा पावसात, चिखलात किंवा ओढ्याच्या पात्रात यंत्र चालावयाचे असेल तर पाण्याच्या सर्व वाटा बंद केल्या पाहिजेत. या वाटा मुख्यतः तीन: चकती, तिला पेटीशी जोडणारी दोरीसारखी तार आणि स्वतः पेटी.

चकतीतील वेटोळ्यांवर पाणी चढले तर दोन प्रकारे नुकसान होते. एक तर तार गंजते. दुसरे म्हणजे पाण्याच्या सान्निध्याने वेटोळ्याचा विद्युत्स्वभाव बदलतो आणि ओल्या गवताचा स्पर्श होताच यंत्र खोटी सूचना देते. म्हणून वेटोळ्यांभोवती वीजवाहक पदार्थाचे पातळ कवच गुंडाळतात आणि मग सर्व पोकळी इपॉक्सी नावाच्या, घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने भरून टाकतात. या कवचात एक मौज आहे. ते वेटोळ्याभोवती पूर्ण वर्तुळाने बंद करावयाचे नसते. एका ठिकाणी बोटभर फट ठेवावीच लागते. फट ठेवली नाही तर कवच म्हणजे धातूचे बंद कडे होईल, त्यात भोवऱ्याचे प्रवाह फिरू लागतील आणि शोधणारे यंत्र स्वतःचे कवचच शोधीत बसेल. राळ मात्र दुहेरी उपकार करते: पाणी बाहेर ठेवते आणि वेटोळ्यांना जागच्या जागी घट्ट धरून त्यांचा केसभर तोलही सांभाळते. तिचा दोष एवढाच की ती जड असते. तेव्हा राळेत अतिसूक्ष्म, पोकळ काचमणी मिसळतात. त्यामुळे आकार तेवढाच राहून वजन घटते.

दुसरी वाट फसवी आहे. तारेचे रबरी वेष्टन अखंड दिसते, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण वेष्टनाला कोठे लहानसा चिरा पडला तर आतील बारीक तारांमधून पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पुढे पुढे सरकते आणि थेट पेटीत पोहोचते. म्हणून तार जेथे पेटीत शिरते तेथे वेष्टन थोडे सोलून, आतील तारांच्या भोवती राळ भरून बांध घालतात. बाहेरचे दार लावून भागत नाही, आतलेही लावावे लागते.

तिसरी वाट पेटीची. तिच्या झाकणाखाली खाच करून रबराचे वर्तुळाकार कडे बसवतात. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या झाकणातील रबर हे काम रोज करीत असते. वनाज हे स्थानकाचे नाव ज्या कारखान्यावरून पडले, त्यात स्वयंपाकाच्या गॅससाठी नियामक तयार होत. गॅसच्या जोडणीतही असेच लहानसे रबरी कडे घराचे रक्षण करते. या कड्यावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस जरी अडकला तरी पाण्याला वाट मिळते. पेटीवरील कळा व खुंट्या यांसाठी जितकी छिद्रे पाडावी तितके धोके वाढतात. म्हणून कुशल कारागीर छिद्रच पाडीत नाहीत. पेटीच्या आत चुंबकाने चालणारी कळ बसवतात आणि बाहेरून लहानसा चुंबक सरकवून ती चालवतात.

पाण्याचा जोर किती असतो, याची कल्पना साध्या हिशेबाने येईल. पाण्यात दहा मीटर खोल गेले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा जादा भार येतो. २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद झाकणाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या लहानशा झाकणावर सुमारे २०० किलोग्रॅम, जणू दोन-तीन धिप्पाड माणसे उभी राहतात. पावसात टिकणारी पेटी ओढ्यात टिकेलच असे नाही, आणि ओढ्यात टिकणारी समुद्रतळाशी टिकेलच असे नाही. उन्हाचाही एक कावा असतो. उन्हात तापलेली पेटी थंड पाण्यात बुडवली की तिच्यातील हवा आकसते. ४७ अंश सेल्सिअसवरून २२ अंशांवर आली तर आतील हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो, आणि सुईच्या टोकाएवढी फट असली तरी पेटी तोंडाने ओढून घ्यावे तसे पाणी आत ओढून घेते. यासाठी पेटी सावलीत थंड करूनच पाण्यात नेतात आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवतात.

पेटीची परीक्षा घेण्याची रीत अगदी साधी आहे. आतील नाजूक भाग बसवण्यापूर्वी रिकाम्या पेटीत कोरडा टीपकागद ठेवावा, झाकण लावावे आणि वजन बांधून ती रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी. सकाळी कागद कोरडा निघाला तर पेटी उत्तीर्ण. एका कागदाची परीक्षा घेतल्याने हजारो रुपयांचे यंत्र वाचते, आणि प्रसंगी त्याहून मोलाचे असे बरेच काही.

आता एक विलक्षण विरोध उत्पन्न होतो. जमिनीवर ज्या हलकेपणासाठी इतका खटाटोप केला, तोच पाण्यात दोष ठरतो. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि १० उंच अशी पेटी २००० घन सेंटिमीटर जागा व्यापते. तितकेच, म्हणजे २ किलोग्रॅम वजनाचे पाणी ती बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाणी तिला २ किलोग्रॅमच्या जोराने वर उचलते. पेटीचे वजन १ किलो २०० ग्रॅमच असेल तर ८०० ग्रॅमचा जोर तिला सतत पृष्ठभागाकडे ढकलील. पाणबुड्याला मग यंत्र उचलण्याऐवजी दाबून धरावे लागेल, आणि थकवा पुन्हा तेवढाच! यावर उपाय म्हणजे पेटीतील रिकामी जागा कमी करून ती शक्य तितकी लहान करणे, आणि उरलेला फरक भार घालून भरून काढणे. पेटीत शिशाची भर चालेल. चकतीत मात्र धातूची भर घालता येत नाही, तेथे राळच जरा अधिक ओततात. उत्तम जलशोधक यंत्र पाण्यात ना बुडते ना तरंगते; सोडले तेथेच जवळजवळ स्थिर राहते.

समुद्राचे पाणी आणखी एक कोडे घालते. त्यातील मिठामुळे वीज वाहते, म्हणून यंत्राला सारा समुद्रच धातूसारखा भासू लागतो. तेव्हा प्रवाह अखंड न सोडता लहान लहान झटक्यांनी सोडतात आणि प्रत्येक झटक्यानंतर क्षणाच्या लक्षांशाइतके थांबून मग ऐकतात. खाऱ्या पाण्यातील भोवरे तोवर विरून जातात, धातूतील भोवरे मात्र काही काळ घुमत राहतात. कोकणचा जांभा आणि दख्खनचा काळा पाषाणही अशीच फसगत करतात, कारण त्यांत लोहयुक्त द्रव्ये असतात. कोथरूडची टेकडी याच काळ्या पाषाणाची आहे. अशा भूमीवर प्रथम जमिनीचाच आवाज ऐकून यंत्र तिच्याशी जुळवून घ्यावे लागते, आणि मग त्याहून वेगळा आवाज शोधावा लागतो.

पाण्याखालचा शोध केवळ युद्धासाठीच असतो असे नाही. गोव्यातील दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी गोव्याजवळील सुंची खडकापाशी बुडालेल्या जुन्या जहाजाचे अवशेष अभ्यासले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी बनावटीची भांडी आणि तोफ अशा वस्तू तेथून इतिहासाच्या हाती आल्या. अशा जागी मिळणाऱ्या वस्तूचे मोल तिच्या किमतीत नसते. ती कोठे, कशाजवळ आणि किती खोल सापडली, यात ते असते. म्हणूनच यंत्र हाती आले की वाटेल तेथे खणावे, हे योग्य नव्हे. भारतात १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीवाचून खणण्यास मनाई आहे.

एवढे सगळे केल्यावरही यंत्राच्या शक्तीला मर्यादा राहतातच. काही सुरुंगांची कवचे प्लॅस्टिकची असून त्यांत धातू टाचणीएवढाच असतो. तो ऐकू यावा म्हणून यंत्र अधिक तिखट केले, तर प्रत्येक खिळ्याला आणि डब्याच्या झाकणाला ते ओरडू लागते. शंभर वेळा खोटी सूचना मिळाल्यावरही एकशे एकाव्या वेळी तितक्याच सावधपणे गुडघ्यावर बसून माती दूर करणे, हे काम यंत्राचे नाही. ते माणसाचे आहे. शेतात, रानात किंवा नदीकाठी अनोळखी धातूची वस्तू दिसली तर मुलांनी तिला हात लावू नये, तिच्यावर दगड मारू नये; दूर होऊन वडीलधाऱ्या माणसांना सांगावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

१९४८ सालच्या एप्रिल महिन्यात जम्मू-काश्मीरमधील नौशेरा–राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हेच काम करीत होते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे सुपुत्र. ८ एप्रिलला कामाच्या आरंभीच ते तोफगोळ्याने जखमी झाले. सहकाऱ्यांपैकी काही धारातीर्थी पडले. तरीही ११ एप्रिलपर्यंत गोळ्यांच्या वर्षावात सुरुंग काढीत, आडवी पाडलेली झाडे दूर करीत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. राष्ट्राने परमवीर चक्र देऊन त्यांचा गौरव केला. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

भगत आणि राणे यांच्यासारख्यांचे धैर्य कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही. परंतु त्या धैर्यावर पडणारा भार हलका करता येतो. काठीवरची पेटी वीतभर मागे सरकवणारा अभियंता, कवचात बोटभर फट राखणारा कारागीर आणि रबरी कड्यावरचा वाळूचा कण पुसणारा कामगार यांची नावे कोठेही कोरली जात नाहीत. तरी दूर कोठे तरी, पावसाने निथळणाऱ्या अंधाऱ्या वाटेवर, एखादा सैनिक त्यांच्याच काळजीपूर्वक केलेल्या कामाच्या भरवशावर पुढचे पाऊल टाकीत असतो.